खालचा गट माझ्याकडे

मुख्याध्यापिका म्हणून पदोन्नती मिळाली तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. बरीच वर्षं चौथीचा वर्ग शिकवला होता. आता वर्ग सुटणार आणि ऑफिसची खुर्ची मिळणार, या विचाराने जीव खालीवर व्हायचा. शाळा मिळाली ती धुळे जिल्ह्यातली, पांझरेकाठची, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. गावात तिला अजूनही ‘मराठी शाळा’च म्हणतात. कपाशीचं गाव, घराघरांत अहिराणी. शिक्षक मनापासून काम करणारे होते, इमारतही बरी होती. पण चौथी-पाचवीपर्यंत पोचूनही न वाचणारी मुलं होती. सगळ्यांना ती माहीत होती, आणि त्यांच्याबद्दल मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. त्या मुलांना वाचतं करण्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून जी खटपट केली ती इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना यंदा नव्याने शाळेचा चार्ज मिळाला आहे, ज्यांच्या वर्गात अशी मुलं आहेत, त्यांना ती उपयोगी पडावी.

जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप आणि गणवेशाच्या मापांत गेला. ते आटोपल्यावर सहकाऱ्यांना म्हटलं, दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्याने ऐकू. गुण द्यायचे नाहीत, निकाल लावायचा नाही. व्हरांड्याच्या टोकाला, जिथलं बोलणं इतर मुलांना ऐकू जात नाही, तिथे सतरंजी टाकली. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरातल्या सर्वेक्षणात २००५ पासून जी साधी पद्धत वापरतात तीच घेतली. मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद ठेवायचा. तो नीट वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. एका मुलाला पाचेक मिनिटं पुरतात. घाई करू नये, आणि चुकलं तरी चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये. मुलं आपल्या भुवयाही वाचतात.

या ऐकण्यात चौथीतली एक मुलगी आली. वर्गात हुशार म्हणून ओळखली जाणारी, हजेरी चांगली, वही स्वच्छ. तिने तिसरीच्या पुस्तकातला धडा उघडला आणि घडाघडा म्हणायला लागली. उच्चार स्पष्ट, कुठे अडखळणं नाही. माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. ओठ तिसऱ्या ओळीवर पोचले होते आणि बोट अजून पहिल्याच ओळीच्या मध्यावर होतं. मी पुस्तक अलगद मिटलं, आमच्या कागदावरचा न पाहिलेला परिच्छेद पुढे ठेवला, आणि ती गप्प झाली. तिला सगळं पुस्तक पाठ होतं. ऐकून ऐकून, वर्गासोबत म्हणून म्हणून तिने ते पाठ केलं होतं. इतकी स्मरणशक्ती, इतकी मेहनत, आणि अक्षरं मात्र जेमतेम ओळखीची. एकेकट्याने ऐकलं नसतं तर ही मुलगी सातवीपर्यंत अशीच गेली असती. म्हणून सांगते, सामूहिक वाचनावर विसंबू नका. प्रत्येक मूल एकटं ऐका.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर खरी नाजूक गोष्ट पुढे होती, शिक्षकांसमोर हे मांडायचं कसं? वर्गवार तक्ता केला असता तर चौथीच्या मॅडमना वाटलं असतं तिसरीच्या सरांनी काही केलं नाही, तिसरीच्या सरांनी दुसरीकडे बोट दाखवलं असतं, आणि शेवटी सगळा भार पहिलीच्या मॅडमच्या डोक्यावर. म्हणून आम्ही प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी केली, तिच्यावर इयत्ता लिहिलीच नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मोठ्या टेबलावर त्या चिठ्ठ्या पातळीप्रमाणे मांडल्या. अक्षरांपर्यंत न पोचलेली एकीकडे, अक्षरवाली दुसरीकडे, मग शब्दांची, परिच्छेदाची, गोष्टीची. सगळे उभे राहून बघत होतो. बोलणं आपोआप ‘तुमची मुलं’ सोडून ‘ही मुलं’ असं सुरू झालं. तिसरीचे सर एक चिठ्ठी उचलून म्हणाले, “याच्या आजीशी बोलायला पाहिजे, हा तिच्याकडेच असतो.” त्या क्षणी मला वाटलं, आता हे होईल.

तोडगा साधा होता. परिपाठानंतरचा पहिला तास दुसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतील. एका शिक्षकाकडे एक गट. मूल पुढे गेलं की पुढच्या गटात, तेही लगेच, महिना संपायची वाट न बघता.

चौथीच्या मॅडमनी विचारलं, “आणि पोर्शन?” प्रश्न रास्त होता. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. रोजचा एक तास म्हणजे त्यातला चौथा हिस्सा. लहान गोष्ट नाही ती. पण ज्याला वाचताच येत नाही त्याला उरलेल्या तीन हिश्शांतून काय मिळतं? परिसर अभ्यासाचं पुस्तक त्याच्यापुढे उघडं असतं एवढंच. पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. आमची पाचवीतली काही मुलं त्याच्या जवळपासही नव्हती. दिवाळीपर्यंत करून बघू, मग पुन्हा बसू, असं ठरलं.

सगळ्यात खालचा गट कोण घेणार, यावर मात्र शांतता झाली. कोणालाच तो नको होता असं नाही. भीती अशी होती की या गटातली मुलं पुढे गेली नाहीत तर ठपका आपल्यावर येईल. मी म्हटलं, “खालचा गट माझ्याकडे.”

हे जे आम्ही केलं त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती असं कोणी विचारलं तर मी हीच सांगेन. सगळ्यात मागे राहिलेली मुलं मुख्याध्यापकांनी स्वतः शिकवावीत. आपल्याकडे इयत्तेचा पोर्शन नसतो, त्यामुळे सबुरीने घेता येतं. ठपक्याची भीती असेल तर ती आपण अंगावर घेऊ शकतो, सहशिक्षकाने का घ्यावी? आणि रोज तासभर खडू हातात धरला की मिटिंगमध्ये आपण जे बोलतो ते खरं असतं. शिक्षकांना ते बरोबर कळतं.

माझ्या गटात दुसरीपासून पाचवीपर्यंतची मुलं होती. काही वस्तीवरची, काही गावातली. सुरुवातीला मी तक्ता लावला नाही, बाराखडी काढली नाही. गप्पा मारल्या. सकाळपासून काय केलं, घरी कोण कोण आहे, शेळीला पिल्लू झालं का. एक मुलगा म्हणाला, “मनी माय वावरमा जास.” म्हणजे माझी आई शेतात जाते. मी ते वाक्य तो बोलला तसंच फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, हे तू बोललास, बघ. तो फळ्याकडे बघत राहिला. मग बोट ठेवून वाचलं. त्याने वाचलं, सगळ्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पट्टीवर लिहून आणलं, कात्रीने शब्द सुटे केले आणि मुलांना पुन्हा जोडायला दिले. त्या एका वाक्यात ‘म’ तीनदा येतो, एकदा मोकळा आणि दोनदा काना घेऊन. ‘वावर’मध्ये ‘वा’ आणि ‘व’ शेजारी शेजारी बसलेत. काना म्हणजे काय हे त्या शब्दावर बोट ठेवून दाखवलं की वेगळं समजवावं लागत नाही. त्यांच्या तोंडच्या वाक्यांतूनच आम्ही अक्षरांचे गट करत गेलो, आणि वाचन बसायला लागलं तशी त्याच वाक्याच्या खाली पुस्तकी मराठीतली ओळ लिहायला लागलो. मुलं एकीवरून दुसरीवर सहज गेली.

याबद्दल एका पालकांनी हरकत घेतली होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक आप्पा म्हणाले, “मॅडम, अहिराणी तर पोरं घरी बोलतातच. शाळेत शुद्ध मराठी शिकवा.” त्यांचं म्हणणं मी पूर्ण ऐकून घेतलं, कारण त्यामागे मुलाबद्दलची काळजी होती. मग आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची आठवण काढली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या आपल्या बोलीत बोलत गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी, ते लिहून ठेवलं, म्हणून ते शब्द आपल्यापर्यंत आले. आपणही एवढंच करतो आहोत, मूल बोलतं ते लिहून दाखवतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, तेही सांगितलं. पण आप्पांना पटलं ते त्यांच्या नातवाने त्यांना दिवाळीच्या सुट्टीत बियाण्याच्या पिशवीवरचं नाव वाचून दाखवलं तेव्हा.

आता त्या टप्प्याबद्दल लिहिते जिथे बहुतेक शिक्षक खचतात. मूल अक्षरं ओळखायला लागतं, आपल्याला हुरूप येतो, आणि मग आठवडेच्या आठवडे काही हलत नाही. ‘कमळ’ समोर धरलं की मूल ‘क… म… ळ’ म्हणतं आणि आपल्याकडे बघतं. तिन्ही अक्षरं बरोबर, शब्द नाही. आमच्याकडे हे श्रावण-भाद्रपदात झालं. दुसरा गट घेणारे सर हताश होऊन म्हणाले, “मॅडम, परत अक्षरांपासून घ्यावं लागणार.” माझ्याही गटात तीच अवस्था होती, तरी माझं मत ठाम होतं की मागे जायचं नाही. मूल अक्षरांवर अडलेलं नसतंच. त्याला शब्द एका दमात ऐकू येत नसतो. मग आम्ही एकच छोटी गोष्ट रोज वाचायला लागलो. आधी मी बोट फिरवत वाचायची, मग मुलांसोबत, मग मुलं दोघं-दोघं. ओळखीच्या गोष्टीत पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज मुलाला असतो, आणि त्या अंदाजाच्या आधाराने ते अक्षरं पटकन जुळवतं. टाळ्या वाजवून शब्द तोडणं आणि जोडणं हा तोंडी खेळही खूप कामी आला. ‘क’, ‘म’, ‘ळ’ मी सावकाश म्हणायचे, मुलांनी पटकन शब्द ओरडायचा. फळा नाही, पुस्तक नाही, फक्त कान. तुमच्या वर्गात मुलं याच जागी थांबली असतील तर धीर सोडू नका. शिकणं आत चालू असतं. घटस्थापनेच्या सुमारास एका सकाळी आमच्या गटातल्या एका मुलाने ‘बाजार’ हा शब्द सलग वाचला, आणि त्यानंतर पंधरवडाभरात बाकीची बरीच मुलं त्याच्यामागोमाग सुटली.

हा तास टिकवणं हे शिकवण्याइतकंच कष्टाचं काम आहे. माहिती मागवणारे संदेश सकाळीच येतात आणि प्रत्येकावर ‘तात्काळ’ लिहिलेलं असतं. यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, आधार पडताळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, कशालाही नाही म्हणता येत नाही. मी केंद्रप्रमुखांना भेटून आधीच सांगितलं की पहिला तास मी वर्गात असते, माहिती दुपारी जेवण वाटप झाल्यावर पाठवीन, आणि एकदाही उशीर होणार नाही याची काळजी घेतली. शब्द पाळला की वरिष्ठ समजून घेतात, असाच माझा अनुभव आहे. तासाला फोन कपाटात. भेटायला आलेल्या पालकांसाठी निंबाखाली बाक आणि पाण्याचा माठ. सहावी-सातवीच्या सरांनी त्या वेळेत ऑफिसकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. ते कलम प्रत्येक मुख्याध्यापकांना माहीत असायला हवं. ते भांडणासाठी वापरायचं नाही, आपला वेळ कशासाठी आहे हे स्वतःला स्पष्ट असावं म्हणून.

त्याच वर्षी आमच्याकडे एक शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेले, सर आले. मराठवाड्यातले, पहिलीच नोकरी, १६ हजार मानधनावर घरापासून दूर खोली करून राहिलेले. त्यांना अहिराणी कळत नव्हती आणि मुलं त्यांच्यापुढे तोंड उघडत नव्हती. काही आठवड्यांत त्यांचा चेहरा उतरला. नव्या शिक्षकाच्या वर्गात मुख्याध्यापकाने शेरेपुस्तक घेऊन शिरावं हे मला कधीच पटलेलं नाही. मी त्यांना माझ्या गटात बोलावलं. म्हटलं, “सर, मी शिकवते, तुम्ही फक्त त्या कोपऱ्यातल्या मुलीकडे बघा आणि ती काय काय करते ते मला सांगा.” त्यांनी इतकं बारीक टिपलं होतं की मी थक्क झाले. ती बोलायच्या आधी शेजारणीकडे बघते, प्रश्न तिला समजतो पण शब्द सापडत नाहीत तेव्हा नखाने चटई उसवते. नंतर मी त्यांच्या वर्गात गेले तेव्हाही ठरलं होतं की बोलायचं ते एका मुलाबद्दल, सरांबद्दल नाही. भाषेचं काम पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी केलं. जेवणाच्या सुट्टीत सर त्यांच्याजवळ बसायचे आणि शब्द लिहून घ्यायचे. “तुनं नाव काय शे?” असं सरांनी विचारलं त्या दिवशी अख्खा वर्ग खळखळून हसला आणि मग सगळी एकदम बोलायला लागली. वाचन शिकवण्याआधी मूल आपल्याशी बोललं पाहिजे, आणि शिक्षकालाही कोणीतरी विचारलं पाहिजे, जेवलात का, खोलीवर पाणी येतं का.

कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी घटते. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते. रागावून काही होत नाही. पातळीप्रमाणे गट असल्याचा इथे मोठा फायदा झाला. आठ-दहा दिवसांनी आलेलं मूल जिथे होतं तिथूनच पुढे सुरू करतं, ‘तुझा धडा बुडाला’ असं कोणी म्हणत नाही. अंगणवाडी ताईंशी बोलून धाकट्यांची सोय केली, त्यामुळे काही मुली परत आल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांशी दसऱ्याआधीच बोलावं लागतं, कोयता, म्हणजे तोडणीची जोडपी, गेल्यावर उपयोग नसतो. आजी-आजोबा गावात असतील तर मूल त्यांच्याजवळ ठेवायला तयार करणं, हंगामी वसतिगृहाची सोय बघणं, आणि मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल कुठवर शिकलं याची नोंद असलेलं कार्ड, देऊन तिथल्या शाळेत बसवायला सांगणं. सोबत गोष्टीची पुस्तकं दिली आणि अधूनमधून रात्री फोन केला. फोनवर अर्धं पान वाचून घेतलं तरी मूल शाळेशी बांधलेलं राहतं.

समितीची बैठक त्या दिवसांत दुपारी ठेवून चालत नाही. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि त्या महिला दिवसभर वावरात. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर शाळेच्या ओट्यावर बसायचो. हिशेब, ठराव झाले की मुलांनी आयांपुढे वाचायचं. चौथीतली ती पाठांतरवाली मुलगी माघ महिन्यात आपल्या आईपुढे उभी राहिली आणि तिने कधी न पाहिलेल्या पुस्तकातलं पान वाचलं. थांबत थांबत, पण बोट आणि ओठ एकाच शब्दावर. आईला वाचता येत नव्हतं. ती मला म्हणाली, “म्याडम, हाई पुस्तक घर लई जाऊ का?”

सगळीच मुलं वर्षभरात गोष्टीपर्यंत पोचली नाहीत. बहुतेक निदान परिच्छेदाला लागली, काही शब्दांवर राहिली. राहिलेल्यांकडे नीट बघणं फार गरजेचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा मी ती नावं डॉक्टरांच्या हातात वेगळी दिली. एका मुलाला फळ्यावरचं दिसतच नव्हतं, चष्मा लागला आणि त्याचं वाचन सुरू झालं. एका मुलीसाठी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलावलं. त्या आता नियमित येतात आणि तिच्यासोबत वेगळ्या साहित्यावर काम करतात. ‘डोकं चालत नाही’ असं कोणत्याही मुलाबद्दल म्हणण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

दिवाळीनंतर आम्ही ठरल्याप्रमाणे पुन्हा बसलो होतो. तास चालू ठेवायचा की नाही यावर फार बोलणं झालंच नाही. चौथीच्या मॅडमनी वेळापत्रक आधीच तयार करून आणलं होतं, पोर्शन कुठे भरून काढायचा यासकट. उन्हाळ्यात सकाळची शाळा झाली तेव्हा तास अर्ध्यावर आणावा लागला, पण मोडला नाही.

यंदा माझ्या गटात बहुतेक मुलं दुसरीतली आहेत, वरच्या इयत्तेत नव्याने दाखल झालेली एक-दोन सोडली तर. पहिलीच्या मॅडमनी माता-गटातल्या बायांना हाताशी धरून सुरुवातीपासूनच गोष्टी ऐकवायला घेतल्या आहेत. आणि ते शिक्षणसेवक सर जूनच्या पहिल्याच बैठकीत म्हणाले, “मॅडम, या वर्षी खालचा गट मला द्या.” तो पूर्ण सोडायला माझं मन तयार नव्हतं. एक दिवसाआड वाटून घेतला आहे.